ढिल्या पिनेचा इतिहास



इतिहास म्हटला म्हणजे गड, तह आणि लढाया डोळ्यांपुढे उभ्या राहतात. व्याख्यानमालेच्या व्यासपीठांवरून त्यांविषयी पुष्कळ थोर वक्ते बोलून गेले आहेत. मी कामगार चळवळीतला माणूस. माझे शाळेतले शिक्षण लवकर आटोपले. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने आणि यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या माणसांनी केले. तेव्हा मी इतिहास सांगणार आहे तो एका नखाएवढ्या वस्तूचा. लॅपटॉपला ज्या जागी चार्जर जोडतात, ती ही वस्तू. दुरुस्तीच्या दुकानात तिला ‘जॅक’ म्हणतात, नव्या यंत्रांत ‘पोर्ट’ म्हणतात, आणि घरात आपण तिला सरसकट ‘पिन’ म्हणून मोकळे होतो.

ही पिन ढिली झाली म्हणजे काय होते, ते आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच दिवा लागतो. मग वायरीखाली वही सरकवायची, तिला एक वेढा द्यायचा, आणि घरातल्या लहानथोरांना दम भरायचा की कोणी टेबलाला धक्का लावू नका. असे महिना-दोन महिने चालते. शेवटी एके दिवशी दिवा लागतच नाही. कंपनीच्या सेवा केंद्रात गेले की पुष्कळदा उत्तर मिळते, ‘मदरबोर्ड बदलावा लागेल.’ त्याचा खर्च ऐकल्यावर माणूस नव्या यंत्राचा विचार करू लागतो. तोच माणूस बाजारपेठेतल्या गल्लीत गेला, तर एखादा विशीतला मुलगा यंत्र हातात घेतो, पिन हलवून पाहतो आणि म्हणतो, ‘संध्याकाळी या.’

बिघाड एक, यंत्र एक. मग उत्तरे दोन का? नखाएवढ्या तुकड्यासाठी अख्खा मदरबोर्ड टाकावा, हे कोणी ठरवले? या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या पोटात जितके आहे, तितकेच ते गेल्या सत्तर वर्षांच्या व्यवहारात आहे.

प्रथम यंत्राच्या पोटात डोकावू. जुन्या धर्तीच्या लॅपटॉपमध्ये एक गोल भोक असते आणि त्याच्या मध्यभागी बारीक खुंटी असते. हा जॅक मदरबोर्डच्या कडेला पक्का केलेला असतो. आणि पक्का केलेला म्हणजे डाख लावून. आपले तांबट ज्याला डाख म्हणत, त्यालाच आजची मुले सोल्डरिंग म्हणतात. घरोघरच्या पितळी भांड्यांना कल्हई करणाराही कथीलच वितळवीत असे, आणि ते नीट बसावे म्हणून नवसागर वापरीत असे. इलेक्ट्रॉनिक कामात नवसागराच्या जागी राळ आली, एवढाच फरक. धातूने धातूला धरावे म्हणून मध्ये एक मऊ धातू ओतायचा, हे तत्त्व तेच आहे.

मऊ धातू वीज उत्तम नेतो, पण ओढाताण त्याला सोसत नाही. चार्जरचे टोक लॅपटॉपच्या बाहेर दोन-तीन सेंटिमीटर आलेले असते. कोणाचा पाय वायरीत अडकला की ते टोक पहारीसारखे काम करते, आणि सारा जोर आतल्या डाखाच्या चार-पाच ठिपक्यांवर येतो. ठिपक्याभोवती केसाएवढी चीर पडते. चीर पडली की जोड सैल होतो, सैल जोडातून वीज अडखळत जाते, आणि अडखळणारी वीज उष्णता निर्माण करते. ६५ वॅटचा चार्जर २० व्होल्टवर सव्वातीन अँपिअर प्रवाह देतो. जोडात अर्ध्या ओहमचा अडथळा आला, तर त्या एवढ्याशा जागेत सव्वापाच वॅट उष्णता साठू लागते. मग प्लास्टिक करपते, चीर वाढते, आणि चीर वाढली की उष्णता आणखी वाढते. म्हणून ‘कोन धरून चालवू’ हा उपाय वाटतो तितका निरुपद्रवी नाही. त्याने शंभर ग्रॅमचे दुखणे किलोभराचे होते.

आता ही वस्तू अशा रीतीने का बसवली गेली, त्याकडे वळू.

संगणकाच्या दुरुस्तीचा हक्क हा विषय लॅपटॉपहून जुना आहे. अमेरिकेत आयबीएम कंपनी आपली हिशेबाची यंत्रे विकीत नसे, भाड्याने देत असे. त्यामुळे दुरुस्तीही तिचीच, आणि ज्ञानही तिचेच. तेथील सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला, आणि जानेवारी १९५६ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला. त्यान्वये कंपनीने यंत्रे विकावीत, आणि यंत्रांच्या मालकांना व स्वतंत्र कारागिरांना सुटे भाग व दुरुस्तीची माहिती द्यावी, असे ठरले. दुरुस्तीचे ज्ञान दाबून ठेवणे हा मक्तेदारीचाच एक प्रकार होऊ शकतो, ही गोष्ट सत्तर वर्षांपूर्वी मान्य झाली होती.

याच कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यासोबत एक तांत्रिक ग्रंथ विकत मिळे. त्यात यंत्राच्या मंडलांचे नकाशे छापलेले होते. ज्याला वाचता येईल त्याने वाचावे, उघडावे, जोडावे. त्याच वर्षी ऑसबॉर्न नावाचा उचलून नेण्याजोगा संगणक आला. तो सुमारे अकरा किलोंचा होता आणि भिंतीतल्या विजेवर चाले. पुढच्या वर्षी, १९८२ मध्ये, शिंपल्यासारखा मिटणारा ग्रिड कंपास आला. यंत्र हलके होत गेले, मांडीवर आले, बॅटरीवर चालू लागले. आणि ज्या दिवशी यंत्र फिरते झाले, त्या दिवसापासून विजेची वायर दिवसातून दहा वेळा घालावी व काढावी लागू लागली. पिनेवर ओझे आले ते तेव्हापासून.

या ओझ्याचा विचार करूनच पिन बसवायला हवी होती, आणि काहींनी तसा विचार केलाही. पुष्कळ लॅपटॉपमध्ये जॅक मदरबोर्डला न चिकटवता एका छोट्या वायरीच्या शेपटीवर ठेवलेला असतो. पिन बिघडली तर दोन स्क्रू काढा, शेपटी सोडवा, नवी बसवा. डाखाचे कामच नाही. दुसऱ्या पुष्कळ यंत्रांत तोच जॅक थेट बोर्डावर डाखला गेला, कारण जुळणीच्या पट्ट्यावर एक वायर, एक जोड आणि काही सेकंद वाचतात. ते सेकंद कारखान्यात वाचले. त्यांची किंमत पाच वर्षांनी तुमच्या घरात चुकती झाली. जुळणी करणाऱ्या कामगाराला याचा दोष देता येत नाही. त्याच्यापुढे घड्याळ दुसऱ्याने ठेवलेले असते.

पुढे पिनेत आणखी एक गोष्ट शिरली. डेल कंपनीच्या पुष्कळ चार्जरांत मधली बारीक खुंटी वीज नेण्यासाठी नसते. ती ओळख पटवण्यासाठी असते. चार्जरमध्ये एक चिमुकली चिप असते आणि लॅपटॉप तिला विचारतो, तू कोण? उत्तर मिळाले नाही तर यंत्र चालते, पण बॅटरी भरत नाही. कमी ताकदीचा चार्जर लागून अपघात होऊ नये, हा यामागचा हेतू सांगतात आणि तो खोटा नाही. परंतु परिणाम असा, की खुंटी थोडी वाकली तरी धडधाकट चार्जर परका ठरतो.

२००६ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. जानेवारीत ॲपलने चुंबकाने चिकटणारी पिन आणली. वायरीत पाय अडकला तर पिन अलगद सुटते, यंत्र खाली येत नाही. जपानमधल्या विजेच्या किटल्यांना अशी चुंबकी जोडणी आधीपासून होती. गरम पाणी पोरांच्या अंगावर सांडू नये म्हणून ती केलेली. म्हणजे पहारीच्या जोरावरचा उपाय स्वयंपाकघरात तयार होता. पुढे ॲपलने ही पिन आपल्या नव्या यंत्रांतून टप्प्याटप्प्याने काढली, आणि २०२१ मध्ये परत आणली.

त्याच वर्षी १ जुलैला युरोपात इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावर निर्बंध आले. तोपर्यंतचा डाख कथील आणि शिसे यांचा असे व १८३ अंश सेल्सिअसला वितळे. शिसे गेल्यावर कथील, चांदी आणि तांबे यांचा डाख आला. तो सुमारे २१७ अंशांना वितळतो. शिसे हे विष आहे. ते कामगाराच्या रक्तात आणि भंगार वेचणाऱ्या बाईच्या मुलाच्या रक्तात जाते, म्हणून हा कायदा मला योग्यच वाटतो. परंतु जुन्या, साध्या इस्त्रीने म्हणजे सोल्डरिंग आयर्नने पिन बदलणाऱ्याला चौतीस अंशांची ही वाढ जड गेली, हेही नोंदवले पाहिजे. चांगल्या कायद्याचाही भार कोणावर तरी पडतो. तो कोणावर पडतो हे पाहणे संघटनेचे काम आहे.

अशी ही पिन एका चळवळीच्या जन्मालाही कारण झाली. २००३ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सॅन लुइस ओबिस्पो येथे काइल वीन्स नावाचा विद्यार्थी शिकत होता. त्याचा आयबुक पडला आणि विजेची पिन बिघडली. त्याने दुरुस्तीची पुस्तिका शोधली. ती ग्राहकासाठी कोठेच नव्हती. त्याने व त्याचा सहाध्यायी ल्यूक सोल्स याने यंत्र उघडून, चुकत शिकत काम पुरे केले, आणि मग इतरांना अशी खटपट पडू नये म्हणून सचित्र कृती लिहून सर्वांना फुकट वाचायला दिल्या. आयफिक्सिट ही संस्था त्यातून उभी राहिली. उलट बाजूही पाहा. ऑस्ट्रेलियातील एका तरुणाने निरनिराळ्या कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका इंटरनेटवर एकत्र ठेवल्या होत्या. २०१२ मध्ये तोशिबाने कॉपीराइटच्या आधारे आपल्या पुस्तिका त्याला काढायला लावल्या. याच काळात थिंकपॅड यंत्रांच्या दुरुस्ती-पुस्तिका मात्र कंपनी स्वतःच सर्वांना खुल्या ठेवीत होती, आणि त्यामुळे तिचे दिवाळे निघाले नाही.

कायद्यांनी जागे व्हायला वेळ घेतला. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणे सक्तीचे केले. पहिल्या पाच वस्तूंत लॅपटॉप होता. दहापैकी किती गुण, ते दुकानातच दिसावे. न्यूयॉर्क राज्याचा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये सहीनिशी मंजूर झाला. पण सही होण्यापूर्वी त्यात एक पळवाट आली. इजा होण्याचा धोका असेल तेथे सुटा भाग देण्याऐवजी भागांचा जोडसंच दिला तरी चालेल, असे त्यात घातले गेले. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये शंभर डॉलर व त्याहून महाग वस्तूंचे सुटे भाग व माहिती उत्पादनानंतर सात वर्षे देणे बंधनकारक केले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीचा कायदा केला, आणि त्याच्या पहिल्या यादीत धुलाईयंत्रे, शीतकपाटे, मोबाइल आले. लॅपटॉप आला नाही. मात्र चार्जरच्या बाबतीत युरोपने सर्वांना एकाच पिनेवर आणले. मोबाइलसाठी २८ डिसेंबर २०२४ आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ या तारखा कायद्यात घातल्या.

ही एक पिन म्हणजे यूएसबी-सी. तिचे मानक ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ती उलटसुलट कशीही बसते, दहा हजार वेळा घालण्या-काढण्याचे माप तिला लावलेले आहे, आणि झीज व्हायचीच तर ती वायरीच्या टोकाला व्हावी, यंत्रातल्या पोर्टला होऊ नये, असा तिचा घाट आहे. बदलायला स्वस्त असेल ते झिजावे, महाग असेल ते टिकावे, हा विचार मला आवडतो. परंतु जेमतेम सव्वाआठ मिलिमीटर रुंदीत तिचे चोवीस संपर्क असतात. तो पोर्ट मदरबोर्डवरच डाखलेला असेल, तर बदलायला सूक्ष्मदर्शक आणि सरावाचा हात लागतो. पण येथेही दुसरा मार्ग आहे. २०२१ मध्ये फ्रेमवर्क नावाच्या कंपनीने असा लॅपटॉप विकायला आणला, की ज्याचे बाहेरचे पोर्ट ड्रॉवरसारखे बोटाने सरकवून काढता येतात. यंत्र पातळ हवे म्हणून पिन न बदलता येणारी करावी लागते, हे म्हणणे त्यानंतर पुरते टिकत नाही.

आपल्या देशात काय झाले? २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला, कारण त्या बाहेरच्या गॅरेजना सुटे भाग व माहिती मिळू देत नव्हत्या. प्रकरण पुढे न्यायाधिकरणांत व न्यायालयांत गेले, पण तत्त्व उच्चारले गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही तिची चार क्षेत्रे होती. त्याच वर्षी डिसेंबरात एक संकेतस्थळ सुरू झाले. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे, हे सांगायला वकील लागत नाही.

परंतु आपल्याकडे कायद्याच्या आधी कारागीर आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची बुधवार पेठ, दिल्लीचे नेहरू प्लेस येथे जे ज्ञान दहा बाय दहाच्या दुकानांत साठलेले आहे, ते कोणत्याही पुस्तिकेत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात आरंभ केला तो सायकलींच्या दुकानाने. पुढे तेथूनच नांगर आले व कारखाना आला. वस्तू उघडून पाहणाऱ्या हातांतूनच वस्तू करणारे हात तयार होतात. मग आज पिन बदलणाऱ्या मुलाकडे आपण कसे पाहतो? त्याला नेमणुकीचा कागद नसतो, भविष्यनिर्वाह निधी नसतो, अपघाताचा विमा नसतो. राळेचा धूर दिवसभर नाकात जातो. त्या धुराने दमा जडतो हे वैद्यकाने नोंदवलेले आहे, पण दुकानात पंखा असतो तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर. दुरुस्तीच्या हक्काची चर्चा नेहमी ग्राहकाच्या बाजूने होते. सुटे भाग आणि नकाशे अधिकृतपणे मिळाले तर त्याचा पहिला लाभ या मुलाला होईल. आज तो चोरवाटेने मिळवलेल्या नकाशावर काम करतो, आणि कौशल्य असूनही चोरासारखा वागवला जातो.

येथे मला कोणी विचारील, आणि आमच्याच सभासदांनी विचारलेही आहे, की लोकांना घरी दुरुस्ती शिकवलीत तर या मुलाच्या पोटावर पाय येणार नाही का? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, घरी किती करावे याची मर्यादा काम स्वतःच शिकवते.

ती मर्यादा थोडक्यात सांगतो. आधी त्याच मापाच्या दुसऱ्या चार्जरने पाहावे. दोष पुष्कळदा वायरीत असतो. यंत्र बंद करून, चार्जर काढून, पोर्टात साठलेली धूळ व कापूस लाकडी काडीने हलकेच काढावा. टाचणी किंवा सुई घालू नये. एवढ्याने काही ‘ढिल्या’ पिना घट्ट होतात, कारण कचऱ्यामुळे टोक आत पुरते बसतच नव्हते. पाठ उघडायची तर कोणता स्क्रू कोठला हे कागदावर मांडून ठेवावे, आणि आत गेल्यावर सर्वांआधी बॅटरीची जोडणी सोडवावी. बॅटरी फुगलेली दिसली तर काम तेथेच थांबवावे. लिथियमची बॅटरी भोसकली गेली तर आग लागते. जॅक शेपटीवाला असेल तर त्याच मापाचा आणून बदलावा. हे काम घरी होण्यासारखे आहे. जॅक बोर्डावर डाखलेला असेल तर मात्र विचार करावा. बोर्डातले तांब्याचे थर उष्णता शोषून घेतात, लहान इस्त्री पुरत नाही, आणि घाईने ओढले की बोर्डावरची तांब्याची चकती उखडून येते. मग खरोखरच मदरबोर्डाचे दुखणे होते. हे काम कारागिराकडे न्यावे.

आणि जो येथवर स्वतः येऊन मग कारागिराकडे जातो, तो मजुरी देताना घासाघीस करीत नाही. आपण कशाचे पैसे देतो, हे त्याला कळलेले असते. म्हणून घरची दुरुस्ती आणि गल्लीतली दुरुस्ती यांचे वैर नाही.

कंपन्यांच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. यंत्र हलके हवे, पाण्याने बिघडू नये, स्वस्त हवे, अशी मागणी आपणच करतो. आणि चुकीच्या भागाने आग लागली तर बदनामी कंपनीची होते. या अडचणी खऱ्या आहेत. पण नकाशा छापल्याने यंत्र जड होत नाही, आणि सुटा जॅक विकल्याने यंत्रात पाणी शिरत नाही. अडचणीचे नाव पुढे करून मक्ता राखणे निराळे.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, आणि त्यातला एक चतुर्थांशही रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद नाही. या ढिगात किती यंत्रे केवळ एका पिनेपायी गेली असतील, ते कोणी मोजलेले नाही. परंतु प्रत्येक यंत्रामागे ते जोडणाऱ्या बाईचे श्रम होते, खाणीतल्या मजुराचे श्रम होते, आणि ते विकत घेण्यासाठी कोणीतरी केलेली महिनोन्‌महिन्यांची नोकरी होती. श्रमाला किंमत आहे असे आपण मानत असू, तर श्रमाने झालेली वस्तू नखाएवढ्या दोषासाठी टाकून देता येणार नाही.

पुढच्या वेळी लॅपटॉप घेताना दुकानदाराला रंग आणि वजन विचाराल, तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा: ‘याची पिन सुटी मिळते का?’ पहिल्याने विचारले तर तो हसेल. शंभरांनी विचारले तर तो कंपनीला कळवील. मागणीपत्राची सुरुवात अशीच होते, हे मी तीस वर्षांच्या कामातून सांगतो.